श्रवणाचे साठ गुण

ध्वनिमुद्रण, वीसपैकी अठरा. संपादन, वीसपैकी एकोणीस. श्रवण, साठपैकी शून्य.

ईश्वरी बुगडने लॅपटॉपचा पडदा बंद केला, पुन्हा उघडला. आकडे तेच होते. खाली एक ओळ होती, ती तिने आधी वाचलीच नव्हती. 'दुसरा आवाज या खोलीत नव्हता. नंतर जोडलेला असावा. प्रकरण शिस्त समितीकडे.'

तिच्या खांद्यावरून वसतिगृहातल्या खोलीतली मैत्रीण सानिका वाचत होती. "बाई गं," ती म्हणाली, "पप्पाच बनावट निघाले की तुझे."

ईश्वरीला हसू आलं नाही. दुसरा आवाज तिच्या वडिलांचा होता. इचलकरंजीतल्या त्यांच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, तिने स्वतः त्यांच्या शर्टाला माईक लावला होता. आणि आता गुण देणारं यंत्र म्हणत होतं की ते तिथे नव्हतेच.

विद्यापीठाच्या ध्वनिनिर्मिती विभागात शेवटच्या सत्राला एक प्रकल्प असायचा. एका माणसाच्या कामाबद्दल त्याच्याशी बोलायचं आणि त्यातून एक छोटा श्राव्य माहितीपट करायचा. अटी मोजक्याच होत्या. दोघांनी एका खोलीत समोरासमोर बसायचं. बोलणं एका बैठकीत मुद्रित करायचं. खोलीतले इतर आवाज पुसायचे नाहीत. तयार कार्यक्रमासोबत न कापलेलं मूळ मुद्रणही द्यायचं. पूर्वी स्वच्छ आवाजाला, सुंदर निवेदनाला गुण असत. पण आता तसला आवाज कुणाच्याही फोनमधलं यंत्र चहा होईपर्यंत तयार करून देत होतं. मग गुण द्यायचे तरी कशाला? विभागाने बराच विचार करून ठरवलं, की यंत्राला एक गोष्ट जमत नाही, तिला गुण द्यायचे. ती म्हणजे समोरच्याचं ऐकणं.

ते मोजायला एक यंत्र बसवलं होतं. त्याचं नाव कानोसा. कानोसाला शब्दांचे अर्थ लावायला मुद्दाम शिकवलेलं नव्हतं, म्हणजे कोणाची भाषा कशी आहे यावरून कुणावर अन्याय व्हायला नको. ते फक्त एवढंच पाहायचं, की दोन माणसं एकमेकांना आणि आपल्या भोवतालाला ऐकताहेत का.

हे कसं कळतं, ते समजायला सोपं आहे. घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. एखाद्या मित्राला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगा आणि मध्येच शेजारी मिक्सर सुरू करा. त्याचा आवाज आपोआप चढेल. मिक्सर थांबला की उतरेल. तुम्ही त्याला कितीही बजावलं, की आवाज चढवू नकोस, तरी थोडा चढतोच. कारण बोलताना आपण स्वतःला ऐकत असतो, आणि बाहेरचा गोंगाट वाढला की आपला कान गळ्याला परस्पर निरोप देतो. मधे आपल्याला कोणी विचारत नाही. पक्ष्यांतही हे दिसतं. रहदारीच्या रस्त्याकाठचे पक्षी जास्त जोरात गातात.

आता कोणी एक आवाज एके ठिकाणी तयार केला आणि दुसऱ्या खोलीतल्या मुद्रणात आणून चिकटवला, तर त्या आवाजाला या खोलीतला मिक्सर माहीतच नसणार. तो हलणार नाही. कानोसा नेमकं हेच पकडायचं.

"बघ," मुल्लाणी मॅडम म्हणाल्या. फरीदा मुल्लाणी विभागाच्या प्रमुख होत्या आणि तीन वर्षं ईश्वरीला शिकवत होत्या. त्यांनी पडद्यावर दोन रेषा लावल्या होत्या. "इथं कुकरची शिट्टी झाली. ही तुझी रेषा, कशी उडाली. आणि ही वडिलांची. नांगरलेल्या सरीसारखी सरळ."

"मॅडम, देवाशप्पथ सांगते. पप्पा माझ्यासमोर बसले होते. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर."

"मग हलले का नाहीत?"

"त्यांना आवाजाची सवय आहे. लूमवर आहेत ते, जॉबर आहेत. बिघडलेले माग दुरुस्त करतात. आयुष्य त्या खडखडाटात गेलंय."

"सवयीचा संबंध नाही गं. कान आहे तिथं आवाज चढतो." मॅडमनी चष्मा काढला. "मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण माझ्या विश्वासाला यात गुण नाहीत. बुधवारी समिती बसेल. वडिलांना घेऊन ये, ज्याचा आवाज तो माणूस समोर हवा अशी अट आहे. फसवणूक ठरली तर पदवीवर शेरा येईल, आणि तो शेरा बघून तुला कुणीही दारात उभं करणार नाही. आणखी एक. समितीचं कामकाज मुद्रित होतं आणि सगळ्यांना ऐकण्यासाठी खुलं ठेवलं जातं. मागे झाकपाक झाल्याचा आरोप झाला होता, तेव्हापासून."

"असू दे की खुलं," ईश्वरी म्हणाली. "मला काय लपवायचंय?"

त्याच दुपारी ती एसटीने घरी गेली. समितीपुढे जायच्या आधी आणखी एक मुद्रण करायचं, मॅडमना दाखवायचं, म्हणजे यंत्राची चूक सिद्ध होईल, असं तिने ठरवलं होतं.

राजाराम बुगड पहिली पाळी संपवून आले होते. मम्मीने त्यांच्यासमोर चहा नि पोहे ठेवले आणि बशीशेजारी टेबलावर बोटांनी टकटक केली. त्यांनी वर बघितलं. मग ती बोलली, "ईशू आलीय." बुगडांच्या घरात असंच होतं. कुणाशी बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा किंवा टेबल वाजवायचं, मग समोर येऊन बोलायचं, आणि बोलताना हातही हलवायचे. मागाच्या शेडमध्ये शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवर नि हातांवर बोलतात. ती रीत घरोघरी गेलेली. वसतिगृहात नवीन असताना ईश्वरी प्रत्येक वाक्याआधी सानिकाच्या खांद्याला हात लावायची आणि सगळ्या जणी तिला हसायच्या. तोवर तिला वाटत होतं, जगात सगळे असेच बोलतात.

"यंत्र म्हणतंय तुम्ही नव्हताच," तिने पप्पांना सांगितलं.

"मग कोण होतं? भूत?" पप्पा हसले. "पोहे चांगले झालेत, खा."

"पप्पा, चेष्टा नको. परत बोलायचंय. आत्ता."

त्यांचं हसू जरा मावळलं. "दमलोय गं मी. उद्या करू."

पण ती ऐकेना. तिने त्यांच्या शर्टाला माईक लावला आणि वायर जोडायला त्यांच्या खुर्चीमागे वाकली. वेळ कशाला घालवायचा, म्हणून तिथूनच तिने पहिला प्रश्न विचारला. "पप्पा, पहिल्यांदा शेडमध्ये गेलात तेव्हा केवढे होतात?"

उत्तर आलं नाही. ते चहाचा कप बोटांत फिरवत होते.

तिने पुन्हा विचारलं. मग मोठ्याने. मग उठून उभी राहून, त्यांच्या डोक्यामागे, फक्त म्हणाली, "पप्पा."

समोर स्वयंपाकघराच्या दारात मम्मी उभी होती. मम्मीचा हात कमरेजवळून हळूच वर आला आणि बोटांनी मागे खूण केली. त्याबरोबर पप्पा वळले आणि म्हणाले, "हां, बोल की."

ईश्वरी मम्मीकडे बघत राहिली. मम्मीने हात पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता.

"किती वर्षं?" ईश्वरीने विचारलं.

 पप्पांनी आधी तिच्याकडे, मग मम्मीकडे बघितलं. त्यांना कळलं. चहा त्यांनी खाली ठेवला.

"तू आठवीत असल्यापासनं कमी कमी होत गेलं," ते म्हणाले. "आता ढोल वाजला तर कळतंय. दार आपटलं तर कळतंय. बारीक काय न्हाई."

कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत, केसांहूनही नाजूक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाज आला की ते तंतू वाऱ्यातल्या गवतासारखे हलतात आणि मेंदूला कळवतात. वर्षानुवर्षं मोठा आवाज सोसला की त्या पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच आवाजाच्या. शिट्टी, पक्षी, लहान मुलांचं बोलणं, आणि स, श, त अशी अक्षरं. हे सगळं ईश्वरी दुसऱ्या सत्रात शिकली होती. त्यावरच्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते.

"मग मी फोनवर पाठवायचे ते कार्यक्रम?" ती म्हणाली. "पाण्याच्या आवाजांचा केला होता तो? बासरीचा?"

पप्पांनी मम्मीकडे बघितलं.

"मी आधी ऐकायची," मम्मी म्हणाली. "मग यांना सांगायची, कुठं काय हाय ते. इथं पाणी, इथं बासरी, इथं तू हसलीयस. मग हे कानात बोंडं घालून बसायचे नि तुला फोन करायचे."

"छान झालंय म्हणायचे," ईश्वरी म्हणाली.

"छानच असणार की ते," पप्पा म्हणाले. "तू केलेलं."

तिला खाली बसावंसं वाटलं आणि ती बसली. तीन वर्षं ती जे काही करत होती ते एका माणसाला ऐकवायला करत होती, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"कानाचं मशिन का नाही लावलंत?" थोड्या वेळाने तिने विचारलं. आता ती त्यांच्या समोर बसून, तोंड नीट हलवून बोलत होती.

"लावलं की दिसतंय. दिसलं की शेठ शेडमधनं बाहेर काढणार. नवीन गाड्या आल्यात न्हवं, सुताचे बीम घेऊन आपोआप पळणाऱ्या. मागनं येताना वाजतात म्हणं. ज्याला ते वाजणं ऐकू येत न्हाई त्यानं आत यायचं न्हाई, असा नियम हाय."

"आणि दरवर्षीची कानांची तपासणी?"

ते जरा ओशाळून हसले. "काचेच्या खोलीत बसवतात. बाहेर पोरगं बटण दाबतंय. त्याचा खांदा हलतोय. खांदा हलला की मी हात वर करतो."

"आणि गाडी मागून आली तर?"

"फरशी हादरते. पायाला कळतंय."

"गेल्या महिन्यात कळलं नाही ते सांगा," मम्मी म्हणाली. तिने त्यांच्या डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर लांबच्या लांब, हिरवट काळा डाग होता. "जिन्यावरनं पडलो म्हणून सांगितलंय शेडमधी."

ईश्वरीने त्या डागाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"समितीत सांगू नको गं," मम्मी म्हणाली. "सगळ्यांना ऐकायला ठेवतात म्हणालीस. शेठचा पोरगा दिवसभर असलंच ऐकत बसतोय."

"मग मला फसवी ठरवतील."

 पप्पा त्या दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. "मी येतो बुधवारी," ते म्हणाले. "समोर बसतो. माणूस समोर दिसल्यावर कोण काय म्हणतंय?"

परत जाताना गाडीत तिने मूळ मुद्रण पहिल्यापासून ऐकलं. ते न कापलेलं मुद्रण, जे नियम म्हणून सोबत जोडलं होतं आणि स्वतः सलग कधी ऐकलं नव्हतं. तिने विचारलं होतं, "आवाजाचा त्रास व्हायचा का?" पप्पा म्हणाले होते, "कापसाची धूळ लई. नाकाला फडकं बांधायचो." तिने वहीत बघत विचारलं होतं, "तुमचे गुरू कोण?" ते म्हणाले होते, "दोन पाळ्यांत." अशी कितीतरी उत्तरं. प्रश्न विचारताना ती वहीत वाकली होती, आणि तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. ते अंदाजाने बोलत गेले. आणि ती? संपादनाला बसल्यावर तिने जुळत नाहीत ती उत्तरं उचलून जुळतील त्या प्रश्नांपाशी नेली होती, उरलेली कापून टाकली होती. भराभर, सफाईने. त्याचे तिला वीसपैकी एकोणीस गुण मिळाले होते.

बुधवारी समितीच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. एकीत ईश्वरी, एकीत इस्त्रीचा शर्ट घातलेले राजाराम बुगड. टेबलामागे मुल्लाणी मॅडम आणि समितीचे अध्यक्ष खोत सर. कोपऱ्यात कानोसा चालवणारा तंत्रज्ञ.

ईश्वरीने पप्पांकडे सरळ बघत साधे प्रश्न विचारले. गाव कुठलं, काम काय. ते नीट उत्तरं देत होते. मग तंत्रज्ञाने भिंतीतल्या कर्ण्यातून पंख्यासारखा घरघराट सोडला. ईश्वरीचा आवाज चढला. मॅडमनी मधे काही विचारलं, त्यांचाही चढला. राजाराम बुगड आपले सांगत होते, पहिल्या पगारात त्यांनी काय आणलं ते, त्याच संथ, एकसारख्या आवाजात.

भिंतीवरच्या पडद्यावर ओळ उमटली. 'दुसरा आवाज या खोलीत नाही.'

तंत्रज्ञाने ती वाचली आणि खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. मॅडमचा हात तोंडावर गेला. ईश्वरीला काय होणार ते ठाऊक होतं. तिचा बाप तिच्यासमोर बसून, ओठ हलवून, हसून बोलत होता आणि भिंतीवर लिहिलं होतं की तो नाही.

"हे नवीनच," खोत सर म्हणाले. "तोंड हलवायचं आणि आवाज दुसरीकडून. बुगड, खिशात काय आहे तुमच्या?"

खोत सरांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या होत्या. पप्पांना त्यातून काहीच दिसलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि हसले.

"हसताय काय? खिसे दाखवा."

ते पुन्हा हसले. तंत्रज्ञ उठून आला, त्यांचे खिसे चाचपले, एक छोटा पाना आणि रुमाल काढून टेबलावर ठेवला. काय चाललंय ते न कळून पप्पांनी दोन्ही हात वर धरले, पोलिसापुढे धरतात तसे.

"गळ्याला काही बांधलंय का बघ," खोत सर म्हणाले. "वरचं बटण काढ."

"सर, थांबा," ईश्वरी म्हणाली. ती अगदी हळू बोलली. "त्यांच्याकडे काही नाही. आवाज मी जोडला होता. मी फसवलं. त्यांना जाऊ द्या."

हळू बोललं की पप्पांना कळणार नाही, असं तिला वाटलं. आपण सगळेच तसं करतो. पण ओठ वाचणाऱ्याला हळू आणि मोठ्याने यांत फरक नसतो, आणि ती त्यांच्या नेमकी समोर बसली होती.

त्यांनी हात खाली घेतले. "खोटं बोलायलीय ती," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. तिला म्हाईत नव्हतं. परवा कळलं."

 घरघराट चालूच होता. तंत्रज्ञाने धावत जाऊन तो बंद केला.

"तुला माहीत नव्हतं?" खोत सरांनी ईश्वरीला विचारलं. "एका घरात राहून?"

"नाही, सर. शून्य बरोबर आहे माझं. फक्त कारण चुकलंय."

मुल्लाणी मॅडम तंत्रज्ञाकडे वळल्या होत्या. त्यांची पाठ पप्पांकडे होती. "मुद्रण चालू आहे ना? सर, हे सगळं बाहेर जाणार. त्यांची नोकरी शेडमधली आहे, त्यांना त्रास होईल. आपण इथं थांबवू शकतो. पण थांबवलं तर नियमाप्रमाणे त्यांचं हे म्हणणं धरता येणार नाही, आणि मुलीवरचा शेरा राहील."

पप्पांनी ईश्वरीकडे बघितलं. "काय म्हणाल्या बाई?"

मम्मी असती तर तिने हाताने खूण केली असती, काही नाही, सगळं ठीक आहे. ईश्वरीचाही हात उचलला गेला. काही नाही म्हणून ती त्यांना घरी नेऊ शकत होती. उद्या पहिल्या पाळीला ते गेले असते, आणि मागून गाड्या आल्या असत्या.

तिने खुर्ची पुढे ओढली, त्यांच्या गुडघ्यांना गुडघे लागेपर्यंत. मग मॅडमचं एकेक वाक्य तिने त्यांना सांगितलं, काही न वगळता, काही न जुळवता. नोकरीचं, शेऱ्याचं, आणि मम्मीने बोलून दाखवलेलं शेठच्या मुलाचंही.

त्यांनी टेबलावरच्या पान्याकडे बघितलं.

"चालू राहू दे," ते म्हणाले.

मग ते उठले. आपली खुर्ची उचलून त्यांनी टेबलाच्या तोंडाशी आणली, खिडकीच्या उजेडात मॅडम, खोत सर आणि ईश्वरी या तिघांचे चेहरे दिसतील अशी वळवून ठेवली आणि बसले.

"आता विचारा," ते म्हणाले. "पण एकेकानं."